चुन्याखालची रेघ

देवजीचा मचवा बुडाल्याचं सावळखार गावाला कळलं ते बुधवारी सकाळी, ओहोटी लागायच्या सुमाराला. नारळी पौर्णिमा होऊन चार दिवस झाले होते. गंगाराम आपल्या मचव्याच्या आडोशाला बसून शिडाला ठिगळ लावत होता. मिठागराच्या बांधावरून दोन माणसं चालत येताना त्याला दिसली. पुढचा देवजी, हे त्याने चालीवरून ओळखलं. मागचा त्याचा खलाशी शिवा. देवजीच्या अंगात मोरा बंदरातल्या कुणा कोळ्याचा सदरा होता आणि त्याची बटणं पोटावर लागत नव्हती.

मचव्यावर तिघं गेली होती. देवजी, शिवा आणि गंगारामची बायको पुतळा. गंगारामने दोघांच्या मागे बघितलं. बांध शेवटपर्यंत मोकळा होता.

देवजी दहा पावलं अलीकडे थांबला. लहानपणापासून एका ताटात जेवलेला माणूस, पण जवळ आला नाही.

"घारापुरीच्या पलीकडं," तो म्हणाला. "पानी तळातून आलं गंगा. वारा पन नव्हता मोठा. आमी दोघं उपसत होतो, तीबी डब्यानं उपसत होती. मग मचवा एका अंगावर बसला तो बसलाच."

"ती कुठं हाय?"

देवजीने मान खाली घातली. शिवाच बोलला. "काका, आमाला मोऱ्याच्या होडीनं उचलला. काकी दिसलीच नाय. लई शोधला."

गंगारामच्या हातात सुई होती. त्याने ती दोऱ्यासकट शिडात खोचून ठेवली, हरवू नये म्हणून. नंतर किती दिवस त्याला याचंच नवल वाटायचं, की त्या वेळी आपल्याला सुईची काळजी पडली होती.

पुतळा तिसऱ्या दिवशी मोऱ्याच्या अलीकडे तिवरांत सापडली.

ती मुंबईला निघाली होती चष्म्यासाठी. वर्षभर तिचं चाललं होतं. तांदळात खडे राहायला लागले होते, सुईत दोरा ओवायला शेजारची पोरगी बोलवावी लागत होती, आणि दिवस कलला की तिला अंगणातली बादलीसुद्धा दिसत नसे. "अवो, माझगावला माझा भाऊ डाक्टरकडं नेतो बोल्लाय," ती म्हणायची. "जाऊन येते." गंगाराम म्हणायचा, "हंगाम लागू दे. पहिल्या खेपेला जा." पहिली खेप देवजीची निघाली, कारण गंगारामचं शीड अजून तयार नव्हतं.

सावळखारला एके काळी चौदा मचवे होते, सगळे शिडाचे आणि सगळे सागाचे. मीठ, पेंढा, विटा घेऊन ते भरतीबरोबर खाडीतून बाहेर पडत आणि भाऊच्या धक्क्याला लागत. मग वाशीला पूल झाला. व्यापारी म्हणायला लागले, ट्रकने माल दुपारच्या आत पोचतो, तुमच्या वाऱ्याची वाट कोण बघणार? कुणी मचव्यात इंजिन बसवलं, कुणी मचवा विकून नव्या शहराच्या बांधकामावर मुकादम झाला. त्या वर्षी, म्हणजे सत्त्याहत्तर साली, शिडाचे पाचच उरले होते. पाच मालक मिळून एक मंडळी होती. तिचा कागद नव्हता की शिक्का नव्हता, पण किनाऱ्यावर मचवा कुणी कुठे ओढायचा, सुतार आधी कुणाकडे जाणार, शीड फाटलं तर दुसरं कोण देणार, हे सगळं ती मंडळी ठरवायची आणि त्यावर कुणी ब्र काढत नसे.

मंडळीची एक रीत फार जुनी होती. पावसाळ्यात मचवे किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी शाकारलेले असत. खाऱ्या पाण्यात एक अळी असते, ती लाकडात सुईएवढ्या भोकाने शिरते आणि आतून फळी पोखरते. वरून काही दिसत नाही. म्हणून पाण्यात सोडायच्या आधी प्रत्येक मचव्याची ठोकणी व्हायची. बाभळीच्या मोगरीने फळी फळी ठोकायची आणि आवाज ऐकायचा. चांगली फळी टणक बोलते. खाल्लेली फळी भद्द बोलते, भिजल्या पिठाच्या पोत्यासारखी.

पण आपला मचवा आपण ठोकायचा नाही. आपल्या मचव्यात खोट ऐकायला माणसाचा कान तयार नसतो. म्हणून दर वर्षी एकाचा मचवा दुसऱ्याने ठोकायचा. त्या वेळी मालकाने घरात बसायचं. वाईट फळी सापडली तर ठोकणाऱ्याने तिच्यावर गेरूची आडवी रेघ ओढायची आणि निघून जायचं. तोंडाने बोलायचं नाही. मचव्याला त्याच्या तोंडावर वाईट म्हणायचं नाही, आणि मालकालाही चारचौघांत खाली बघायला लावायचं नाही. मग मालकाने येऊन रेघा बघायच्या, सुताराकडून त्या फळ्या बदलून घ्यायच्या, सांध्यांत कापूस आणि राळ भरायची. शेवटी घरच्या बायकांनी तळाला चुना आणि तेलाचा लेप द्यायचा. मचवा पाण्यात उतरेपर्यंत त्या रेघांबद्दल ठोकणाऱ्याने अवाक्षर काढायचं नाही.

देवजीचा मचवा त्या वर्षी गंगारामच्या वाट्याला आला होता. उन्हं उतरत असताना त्याने ठोकणी केली. मचवा डाव्या अंगावर कलंडून टेकूंवर उभा होता. उजव्या अंगाला, पुढच्या टोकाच्या नाळेजवळ, एक फळी भद्द बोलली. तिथे त्याने रेघ ओढली. डाव्या अंगाला तळाशी हात पोचत नव्हता. तो गोणपाट अंथरून पाठीवर झोपला आणि सरपटत आत गेला. तिथे चौथी फळी अशी बोलली की त्याने मोगरी पुन्हा एकदा मारली. मग तिसऱ्यांदा. पोकळ पेटीवर मारावी तसा आवाज. तिच्यावर त्याने जाड रेघ ओढली, गेरूचा खडा तुटेपर्यंत.

त्या आठवड्यात पाऊस सारखा होता आणि ओला तळ लेप धरत नाही. त्या एका दिवशी ऊन पडलं होतं म्हणून देवजीची बायको गिरजाबाई आणि तिच्या मदतीला पुतळा, दोघींनी सुताराच्या आधीच चुना लावायचं ठरवलं. रेघेभोवतीची जागा सोडून लावायचं, म्हणजे झालं. पूर्वी कधी असं केलं नव्हतं असंही नाही. गंगाराम गेरूचे हात धुवायला खाडीकडे गेला तेव्हा त्या दोघी मडकी घेऊन येत होत्या. "आवरलं का?" पुतळाने विचारलं. त्याने नुसती मान हलवली. बोलायचं नव्हतं ना.

उजवं अंग गिरजाबाईने घेतलं. डावं पुतळाने.

पुतळा घरी आली तेव्हा दिवा लावायची वेळ झाली होती. कोपरापर्यंत तिचे हात चुन्याने पांढरे होते. त्याला वाढायला वाकली तेव्हा मनगटाजवळचा चुना त्याला तांबूस दिसला.

"हातावर काय ग?"

तिने हात डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. "कुंकू पुसला असंल घामानं," ती म्हणाली. "त्या खालच्या अंगाला काळोख केवढा. हातानं चाचपून लावलं सगळं. एवढीबी जागा सोडली नाय."

तो जेवत राहिला. माशाला मीठ कमी होतं, ते त्याने सांगितलं.

मचवा उतरवायच्या दिवशी गंगाराम बघायला गेला. नाळेजवळ नवी फळी पिवळी दिसत होती. डाव्या अंगाला सगळं पांढरं, नव्या फळीचा मागमूस नाही. त्याच्या मनात आलं, आतून जोड दिला असेल. देवजी असं करायचा कधी कधी. विचारायला त्याने तोंड उघडलंही होतं. मग मिटलं. मचव्याने अजून पाण्याला अंग लावलं नव्हतं, आणि नारळ फुटल्यावर, गुलाल उडाल्यावर असलं विचारायचं कसं? तीन दिवसांनी पुतळा पिशवीत भावासाठी सुकट घेऊन त्याच मचव्यात चढली.

तेराव्यानंतर परसात त्याला तिचं चुन्याचं मडकं सापडलं. चुना वाळून दगड झाला होता. काथ्याचा कुंचा त्यातच रुतला होता. त्याने तो उपटून काढला. कुंच्याची टोकं तांबडी होती.

कुंकू एवढं नसतं.

त्याने मडकं फोडलं नाही. पालथं घालून न्हाणीमागे ठेवलं आणि वर दगड ठेवला.

त्याच आठवड्यात मारुतीच्या पडवीत मंडळी बसली. सगळ्यांत म्हातारा सिताराम मधे होता. मोगरी त्याच्या मांडीशी ठेवलेली. मंडळीचा कायदा साधा होता. मालकाच्या चुकीने माणूस बुडाला तर त्याला परत मचवा नाही, किनाऱ्यावर जागा नाही, आणि दुसऱ्या कुणाच्या सुकाणूलाही तो बसायचा नाही. देवजीला समुद्राशिवाय काही येत नव्हतं.

देवजी उभा राहिला. "चूक माझीच. बारा गोनी जास्ती घेतल्या. व्यापारी बोल्ला, आज नेतोस तर ने, नायतर ट्रक उभा हाय. मी हावऱ्यासारखा भरला. वैनी बोलत पन होती, देवजीभावजी, बस झाला, पानी काठाला लागला. मी हसलो तिला. बोल्लो, तुला दिसत नाय ती काठ कसली बघतेस!"

कमळाकर, मालकांत सगळ्यांत तरुण, विडी न पेटवता हातात फिरवत होता.

गंगारामला सगळं समोर दिसत होतं. बारा गोण्यांनी चांगला मचवा बुडत नाही. चौथ्या फळीने बुडवला होता. खरं सांगायचं तर पुतळाचं नाव घ्यावं लागणार, आणि उद्या गाव म्हणणार, आंधळी स्वतः बुडाली आणि देवजीचा मचवा घेऊन बुडाली. गप्प राहायचं तर देवजी जन्मातून उठणार.

"गोन्यांनी नाय बुडाला," तो म्हणाला. "मी ठोकला तो मचवा. डाव्या अंगाला खालची फळी खाल्लेली असनार. मला तिचा आवाज कळला नाय."

सितारामने त्याच्याकडे बघितलं. "तुला? तुझ्या बापाला मोगरी न मारता नुसत्या बोटानं कळायचा."

"बापाला कळायचा. माझा कान गेलाय."

"कधीपासून?"

"असंल वर्षभर."

देवजी मटकन खाली बसला आणि रडायला लागला. गिरजाबाई पडवीच्या खांबाशी उभी होती. ती गंगारामकडे बघत होती आणि तिच्या कपाळाला आठी होती. सितारामने मोगरी उचलून पाचवा मालक किसन याच्याकडे दिली. "गंगा, यापुढं तू कोनाचा मचवा ठोकायचा नाय. हात पन लावायचा नाय." गंगारामने मान डोलावली. घरी जाताना त्याला बरं वाटत होतं. बायकोला झाकलं, मित्राला सोडवलं, असं त्याला वाटत होतं.

ते बरं वाटणं उन्हाळ्यापर्यंत टिकलं.

मग मचवे पुन्हा शाकारायची वेळ आली आणि त्याच्या लक्षात आलं, की किनाऱ्यावर सगळं जसंच्या तसं आहे. गाव समजून होतं की गंगारामच्या कानाने घात केला, आणि तो कान आता बाजूला झाला. भीती संपली. पण रेघ गेरूचीच होती, चुना तिच्यावरून फिरू शकत होता, आणि ठोकणारा अजूनही तोंड मिटूनच घरी जाणार होता. खड्डा तसाच होता, आणि त्याच्यावर झाकण त्याने स्वतः घातलं होतं.

तो रोज किनाऱ्यावर जाऊन बसायला लागला. देवजी आता कमळाकरच्या मचव्यावर सुकाणू धरणारा तांडेल होता. जाता येता तो गंगारामला तंबाखू द्यायचा, मायेने द्यायचा, आणि त्या मायेत क्षमा होती ती गंगारामला सहन होत नसे. किती वेळा त्याने ठरवलं, आज सांगू. "देवज्या," तो म्हणायचा. "काय र?" देवजी विचारायचा. "काय नाय. भरती किती वाजता?"

कमळाकरचा मचवा किसनने ठोकला. गंगाराम लांबून ऐकत होता. वारा उलटा होता, आवाज तुटक यायचा. डाव्या अंगाला किसन खाली सरपटला. मोगरी वाजली. थांबली. त्याच जागी पुन्हा वाजली. मग बराच वेळ काही नाही. नंतर किसन बाहेर आला, खाडीवर हात धुतले आणि निघून गेला. आभाळ पश्चिमेकडून काळं होत होतं. तेवढ्यात कमळाकरची आई दुर्गाबाई आणि दोघी बायका मडकी घेऊन घाईघाईने उतरल्या, पावसाआधी उरकायला. गंगाराम उठला, चार पावलं गेला. मग त्याला पुतळाचं तांबूस मनगट दिसलं, आणि तो जागच्या जागी उभा राहिला. त्या बायकांना काय सांगणार? कुणाचं नाव घेऊन सांगणार? पाऊस येईपर्यंत त्यांचं काम झालं होतं.

दोन दिवसांनी किसन आपला मचवा घेऊन मुंबईला गेला. कमळाकर तिसऱ्या दिवशी निघणार होता. मीठ भरून तयार होतं, भरती चढत होती, मचव्याची नाळ पाण्याला टेकायची तेवढी बाकी होती. माणसं दोराला लागली होती. तेव्हा गंगाराम गर्दीतून पुढे आला.

"कमळाकर, डावीकडं निशानी किती होत्या?"

कमळाकर हसला. "दादूस, सकाळ सकाळ काय? डावीकडं एक पन नाय. उजवीकडं दोन होत्या, दोन्ही फळ्या बदलल्या. बाजूला हो."

"डावीकडं खाली एक हाय. चुन्याखाली. खरवडून बघ. चारच फळ्या."

दोर धरलेले हात थांबले. गंगाराम खाली बसला, कलंडलेल्या अंगाखाली हात घालून बोटाच्या पेराने ठोकायला लागला. एक. दोन. तीन. चौथी भद्द बोलली. की लेप जाड होता म्हणून तशी बोलली? त्याने कान लावला. वर्षभर सगळ्यांना सांगितलेलं खोटं आता त्याच्याच कानात बसलं होतं. त्याला नक्की सांगता येईना.

"ए दादूस! मचव्याला हात नाय लावायचा, मंडळीनं सांगितलाय ना?" कमळाकरने त्याला दंडाला धरून ओढलं. "आनि ठोकतोय कोन? तुझ्या कानाचं तूच सांगितलंस."

"खोटं सांगितलं मी." तो उभा राहिला. समोर देवजी होता, म्हणून तो देवजीला बोलला. "मला आवाज कळला होता देवज्या. मी रेघ ओढली होती. मोठी ओढली होती. माझ्या पुतळानं ती चुन्याखाली घातली. तिला दिसलीच नाय. कुंचा अजून तांबडा हाय, घरी ठेवलाय. चल, दावतो."

देवजीचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

"वर्षभर," तो म्हणाला, "मी तुला माफ केला. देवासमोर बसून रोज माफ केला. आनि आज तू मेलेल्या बायकोवर ढकलतोस?"

"देवज्या..."

"तिला दिसत नव्हतं, मग चष्मा कोनी नाय घेऊन दिला?"

गर्दीतून कुणीतरी पुटपुटलं, बायको गेल्यापासून डोकं ठिकाणावर नाही बिचाऱ्याचं. सिताराम काठीवर रेलून उभा होता. त्याने एकदा मचव्याकडे बघितलं, एकदा गंगारामकडे.

"किसन येईपर्यंत थांबवू या काय?" त्याने विचारलं.

"किसन शनवारी येनार," कमळाकर म्हणाला. "व्यापाऱ्यानं आजच बोलावलाय. नाय गेलो तर ट्रक भरतील, मग पुढच्या खेपेला मला कोन विचारतो? बाबा, किसननं ठोकलाय. किसनचा कान चांगला हाय ना? मग?"

सितारामने मान हलवली. होकाराची की नकाराची, ते कुणाला कळलं नाही, पण दोर ओढला गेला. देवजी मागे न बघता चढला आणि सुकाणूला बसला. भरतीने मचवा उचलला, तो सरळ झाला आणि त्याचं डावं अंग पाण्याखाली गेलं.

गिरजाबाई गंगारामच्या शेजारी येऊन उभी होती. तिने पदर तोंडाशी धरला होता.

"भावजी, उजवीकडली रेघ मी बघितली होती. तिच्याभोवती जागा सोडली होती मी," ती म्हणाली. "डावीकडं बघायला मी गेलेच नाय. पुतळा बोल्ली, झालं माझं, मी बोल्ले, चल." मग तिने विचारलं, "कुंचा खरंच तांबडा हाय?"

"हाय."

"मग यांना आधी का नाय दावलात वो?"

शीड वर चढलं, वाऱ्याने भरलं. मचवा तिवरांच्या वळणाला लागला. त्यावर कमळाकर धरून दोन माणसं होती आणि देवजी सुकाणूला होता. गंगारामने नखांकडे बघितलं. चौथ्या फळीवरचा चुना नखात आला होता, थोडासा, पांढराच. खालपर्यंत खरवडलं गेलं नव्हतं.

कमळाकरच्या मचव्याच्या डाव्या अंगाच्या चार फळ्या खरवडून बघायच्या राहिल्या.